ट्रेमधलं पाणी

"सांवेर रोडला काम करते," एवढंच मी सांगते. तिकडे इतके कारखाने आहेत की ऐकणाऱ्याचं समाधान होतं. कुणी पुढे विचारलंच, तर "फूड लॅब" म्हणते. त्याच्याही पुढे जाणारी व्यक्ती आमच्या गल्लीत एकच, समोरच्या मोघेकाकू.

"फूड म्हणजे काय गं? नमकीन का?"

इंदूरमध्ये फूड म्हणजे आधी नमकीनच. मी उत्तर शोधेपर्यंत आई म्हणाली, "हो, तसंच काहीतरी. पॅकिंगचं."

ते नमकीन नाही. आमच्याकडे डुकराच्या मांसाचं काम चालतं. सकाळी कत्तल होते, मांस रात्रभर कोल्ड रूममध्ये गार होतं, दुसऱ्या दिवशी त्याचे तुकडे करून ट्रेमध्ये भरतात. त्यातले काही ट्रे माझ्या टेबलावर येतात. ते तपासणं हे माझं काम.

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी निवृत्त मंडळी नोकरीतले अनुभव लिहितात. कुणी बँकेतले, कुणी रेल्वेतले, कुणी शाळेतले. मी तर अजून बायोकेमिस्ट्रीच्या एमएस्सीला आहे, आणि नोकरीही अर्धवेळ. पण अंकाचं काम बघणारे काका म्हणाले, "एखादं तरुण पान हवं, बेटा." म्हणून लिहिते आहे. मला जे समजलं त्यापेक्षा जे समजलं नाही तेच जास्त आहे. निदान तेवढं तरी नीट लिहिता येतं का, बघते.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. आजोबा कापडाच्या गिरणीत होते, बाबा लोडिंग रिक्षा चालवतात. बायोकेमिस्ट्री म्हणजे काय, हे मी आईला पहिल्यांदा समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे डॉक्टर नाही ना?" नाही म्हटल्यावर तिनं विषय सोडून दिला. नोकरी डुकराच्या मांसाची आहे हे कळल्यावर मात्र ती एवढंच म्हणाली, "घरात आल्या आल्या हात धुवायचे." मी धुते.

कामाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही.

दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घाला. स्नायू आतून साधारण असा असतो. एका हाताची बोटं म्हणजे ॲक्टिन नावाचं प्रथिन, दुसऱ्या हाताची मायोसिन नावाचं. बोटं एकमेकांत सरकली की स्नायू आखडतो. बोटांमधल्या फटींत पाणी असतं, आणि ते थोडंथोडकं नसतं. मांस हे बहुतेक पाणीच आहे, फक्त ते धरून ठेवलेलं आहे. फटी मोकळ्या राहिल्या तर पाणी आत राहतं. फटी आवळल्या, प्रथिनं बिघडली, की पाणी बाहेर येतं.

दुसरी गोष्ट अशी की जनावर मरतं तेव्हा त्याचा स्नायू लगेच मरत नाही. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. श्वास थांबला तरी स्नायूत साठवलेली साखर तुटत राहते. तिला ग्लायकोजेन म्हणतात. प्राणवायू येणं बंद झालेलं असतं, म्हणून त्या साखरेचं आम्ल होतं आणि मांस हळूहळू आंबट होत जातं. आंबटपणा मोजायचा आकडा म्हणजे पीएच. आकडा जितका कमी, तितकं आंबट. जिवंत स्नायूचा सातच्या आसपास असतो, दुसऱ्या दिवशी तो साडेपाचच्या जवळ येतो. तेवढा यावा लागतो. नाही आला तरी वाईट, आणि फार घाईनं आला तरी वाईट. या दोन वाक्यांनीच मला सगळा त्रास दिला.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता महूच्या लष्करी छावणीतल्या एका मेसमधून फोन आला. तिथले मुख्य स्वयंपाकी नेगीजी आमचं जुनं गिऱ्हाईक. आमचे मालक दिघे सर यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"साहब, माल फीका आ रहा है."

सर माझ्याकडे वळून म्हणाले, "फीका म्हणतोय. हॅम ज्या पाण्यात मुरवतो त्यात नमक वाढवायला सांग."

माझ्या मराठी कानाला ते फिक्कट असं ऐकू आलं होतं. पण सर माझ्याइतकेच मराठी, आणि त्यांना ते चवीचं वाटलं. मी गोंधळले. पलीकडून नेगीजी म्हणाले, "नमक नहीं साहब. कच्चे माल में नमक कौन चखता है? रंग की बात कर रहा हूँ. धुला हुआ रुमाल लगता है. और ट्रे में पानी इतना कि मछली पाल लो."

ट्रेच्या तळाशी पाणी शोषून घेणारी एक पांढरी गादी असते. आम्ही तिला पॅड म्हणतो. मी कोल्ड रूममधले ट्रे काढून पाहिले. पॅड फुगले होते, वर गुलाबी पाणी साचलं होतं. मांस बोटानं दाबलं तर खड्डा तसाच राहत होता. रंग खरंच धुतलेल्या रुमालासारखा.

मी पीएच मोजला. नॉर्मल. दुसऱ्या ट्रेचा मोजला. नॉर्मल. मीटर पुन्हा जुळवून घेतला आणि मोजला. साडेपाचच्या जरा वर, जिथे असायला हवा तिथेच.

सरांना मी तसंच सांगितलं. ते खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे मांसात काही खोट नाही?"

"आकड्यात तरी नाही, सर."

"मग पाणी बाहेरचं आहे. भेरूला बोलाव."

भेरूभिया गौतमपुऱ्याच्या पुढच्या एका गावातून डुकरं आणायचे. पांढरी, विलायती जातीची, नीट राखलेली. आमच्याकडे येणारा बहुतेक माल त्यांचाच. या कामाच्या भरवशावर त्यांनी डुकरं ठेवायला नवा बाडा बांधला होता, आणि त्यांच्या भागात डुकरं घेणारं दुसरं कुणी नव्हतं. ते ऑफिसात आले आणि चपला बाहेर काढून उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"भेरू, सच बता," सर म्हणाले. "तौल से पहले नमक खिलाके पानी पिलाता है क्या?"

"म्हने पानी नी पिलायो, साब. पीवा को तो मिले, जनावर है, प्यासो थोड़ी राखूँगा. पण वजन वास्ते नी." प्यायला मिळतं, पण वजनासाठी पाजत नाही.

"तो ट्रे में पानी आया कहाँ से? आसमान से?"

"म्हारा याँ से तो सूखो चढ्यो थो," भेरूभिया म्हणाले. आमच्याकडून निघाला तेव्हा माल कोरडा होता. मग ते माझ्याकडे वळले. "बेन, तू मशीन से देखे है. तू कई केवे?" तू काय म्हणतेस?

मी खरं तेच सांगितलं. मशीन नॉर्मल दाखवते आहे.

"सुना?" सर म्हणाले. "मशीन बोलती है माल अच्छा है. मतलब पानी तूने डाला."

माझा बरोबर आकडा असा भेरूभियांच्या विरुद्ध पुरावा झाला. मी म्हणाले की प्यालेलं पाणी असं स्नायूत जाऊन बसत नाही, शरीर ते बाहेर टाकतं. सर म्हणाले, "ते पुस्तकातल्या डुकरांचं. हे आपल्याकडचं आहे." आणि त्यांनी ठरवलं की दिवाळीपर्यंत पाहायचं. तोवर सुधारलं नाही तर माल दुसरीकडून आणायचा.

भेरूभिया चपला घालताना मला एवढंच म्हणाले, "देखजे, बेन." बघ. काय बघायचं ते सांगितलं नाही.

मी बघायला लागले, म्हणजे वाचायला लागले. जितकं वाचलं तितकी गोंधळले. पाणी सोडणाऱ्या फिक्कट मांसाची कारणं पुस्तकात भरपूर होती. जनावराची जात असू शकते. उकाडा असू शकतो. गाडीतले धक्के, बाड्यातली भांडणं, कत्तलीआधी देतात ती गुंगी नीट न होणं, उशिरा गार करणं. प्रत्येक कारण वाचलं की वाटायचं, हेच. दुसरं वाचलं की वाटायचं, नाही, ते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट होती. दुसऱ्या दिवशीचा आकडा पुरेसा नाही. चांगलं मांस आणि हे मांस, दोन्ही शेवटी साडेपाचपाशीच पोचतात. फरक पोचण्याच्या वेगात असतो. कत्तलीनंतर तासाभरात, मांस गरम असतानाच मोजलं तर तो दिसतो. आणि मी तर सकाळी कॉलेजात असायची. कारखान्यात पोचायची दुपारी, तेव्हा फरशी धुऊन वाळलेली असायची. कत्तलीची वेळ मी कधी पाहिलेलीच नव्हती, आणि खरं सांगायचं तर पाहायची इच्छाही नव्हती. माझ्यापर्यंत डुक्कर यायचं ते ट्रेमधून.

सरांना मी कारणं एकेक करून विचारली होती. गाडीत गर्दी? नाही. उन्हात उभी करता? नाही. पाणी मारता का अंगावर? "मारतो ना. रोज. चकाचक अंघोळ." पुस्तकात लिहिलं होतं की कत्तलीआधी अंगावर फवारा मारावा, त्यानं डुक्कर गार आणि शांत होतं. म्हणून त्या कारणापुढे मी बरोबरची खूण करून टाकली होती.

शेवटी एक दिवस लेक्चर सोडून सकाळीच गेले. जाताना डबा घरीच राहिला. मी लॅबमध्ये मीटर जुळवत बसले होते. बाहेर काय चाललंय ते तिथे ऐकू येत नाही, कोल्ड रूमच्या कॉम्प्रेसरचा आवाज सतत असतो. तेवढ्यात आईचा फोन आला. बाबांचं भाडं तिकडचंच होतं, म्हणून ती रिक्षातून डबा घेऊन आली होती.

"रेणू, गेटवर ये. मी आत येत नाही."

कत्तलीआधी डुकरं ठेवतात तो आमचा बाडा गेटला लागून आहे. आई भिंतीपासून लांब, रिक्षाचा दांडा धरून उभी होती. तिचा चेहरा उतरला होता.

"काय झालं?"

"काही नाही. तो आवाज ऐकला. काळजाचं पाणी पाणी झालं बघ."

"कसला आवाज?"

"तुला येत नाही ऐकू?"

आधी काही आलं नाही. मग आलं. एक जोराचा सुसाट फुत्कार आणि त्याच्या मागोमाग किंकाळ्या. डुक्कर ओरडतं तेव्हा माणूस ओरडल्यासारखं वाटतं, असं लोक म्हणतात. मला तसं वाटलं नाही. मला लोखंडावर लोखंड घासल्यासारखं वाटलं. पण आईचं वाक्य डोक्यात अडकून बसलं. घाबरलं की काळजाचं पाणी होतं. हे आपण रोज बोलतो. कुणी त्याचा ट्रे उघडून पाहत नाही.

डबा हातात तसाच घेऊन मी बाड्याकडे गेले.

बाड्याचं काम बघणारे कैलासभिया गमबूट घालून उभे होते. त्यांच्या हातात गाड्या धुवायचं जेट मशीन होतं, ज्यानं ट्रकच्या चाकाखालचा वाळलेला चिखल सुटतो ते. पाण्याची धार पांढरी, काठीसारखी सरळ. समोरच्या कोपऱ्यात डुकरं एकमेकांच्या अंगावर चढली होती. भिंत ओलांडता येत नाही हे त्यांना कळत असावं, तरी चढत होती. आणि बाजूचं दार थेट कत्तलीच्या खोलीत उघडत होतं.

"आइए मैडम," कैलासभिया आनंदानं म्हणाले. "देखो, एकदम चकाचक. ऐसा साफ माल पूरे एमपी में नी मिलेगा."

ते काही वाईट करत नव्हते. त्याच पावसाळ्यात एक गिऱ्हाईक बाड्याला वास येतो म्हणून नाक धरून गेलं होतं, तेव्हा सरांनी हे मशीन आणलं होतं. आपलं शहर स्वच्छतेत सगळ्यांच्या पुढे, आणि आपला बाडा घाण, हे सरांना सहन झालं नव्हतं. पुस्तकातला फवारा आणि ही धार, माझ्या कागदावर दोन्हींचं नाव एकच होतं. पाणी.

वाक्प्रचारानं काही सिद्ध होत नाही. मी मोजलं. त्या सकाळच्या पहिल्या डुकराच्या मांसात मीटरची पिन घातली तेव्हा ते माझ्या हाताला तापातल्या माणसाइतकं गरम लागलं. पीएच तासाभरातच सहाच्या खाली गेला होता. इतक्या लवकर तो जायला नको होता. पिन पुसून मी पुन्हा घातली. आकडा तोच आला.

सरांना समजावणं पीएच मोजण्यापेक्षा अवघड होतं.

"सर, थंड दुधात थोडं लिंबू पिळलं तर काय होतं?"

"काय व्हायचंय? थोडं दाटसर होईल, खराब होईल."

"आणि उकळत्या दुधात तेवढंच पिळलं तर?"

"एकदम फाटतं. छेना वेगळा, पाणी वेगळं. अगं, हे काय नवीन आहे?"

"लिंबू दोन्हीकडे तेवढंच, सर. मांसातही तसंच आहे. डुक्कर शांत असेल तर आम्ल हळूहळू तयार होतं, तोवर मांस गार होतं. शेवटच्या क्षणी ते घाबरलं, पळापळ झाली, तर स्नायूतली साखर भराभर तुटते. मांस गरम आहे तोवरच आंबट होतं. मायोसिन फाटतं आणि पाणी सुटतं. दुसऱ्या दिवशी मोजलं तर आंबटपणा सारखाच दिसतो."

सर टेबलावर पुढे झुकले. "म्हणजे भेरूनं नाही, कैलासनं पाणी घातलं?"

"कुणीच घातलं नाही. ते आतलंच होतं. आपण काढलं."

"आणि आता तू म्हणतेस अंघोळ बंद करा? इंदूरमध्ये? इथे कचऱ्याची गाडीसुद्धा धुऊन पुसून निघते."

"बंद नको. हळू करा."

कैलासभियांनी पाइपाला बागेतल्या झारीचं तोंड बसवलं, आणि आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. काही डुकरांवर झारी, काही डुकरांवर जेट, असं करून पाहिलं. झारीच्या ट्रेमधले पॅड चपटे राहिले. सगळे नाही. काही ट्रेमध्ये तरीही पाणी होतं. ते का, हे मला अजून कळलेलं नाही. जात असेल, गाडीतला प्रवास असेल, की दोन्ही. पण जेटच्या ट्रेशेजारी ते ठेवले तेव्हा सरांना मीटरची गरज पडली नाही.

सर माफी मागणाऱ्यांतले नाहीत. पुढच्या खेपेला भेरूभिया आले तेव्हा ते म्हणाले, "भेरू, चाय पिएगा?"

भेरूभिया पहिल्यांदाच खुर्चीत बसले. "पीऊँगा, साब. पण पानी कम डालजो. नी तो फिर म्हारो नाम आयेगा."

सर हसले. मीही हसले. मला वाटलं, संपलं. हे इथे संपलं असतं तर अनुभवकथन छान झालं असतं.

मग दिवाळी आली.

गौतमपुऱ्याला दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हिंगोट होतं. हिंगोट हे एक कठीण सालीचं फळ. त्यात दारू भरून, पेटवून, दोन गट ते एकमेकांवर सोडतात. लांबून लोक बघायला येतात. आजूबाजूच्या गावांत फटाके असतातच. त्यानंतर लगेच भेरूभियांची गाडी आली. दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये पोचले तर सर माझी वाट बघत होते. असं कधी होत नाही.

"बघ," ते म्हणाले, आणि ट्रे उचलून वाकडा केला. एक थेंब पडला नाही. पॅड नव्यासारखा कोरडा. "पाणी पूर्ण बंद. तुझी झारी आणि भेरूचा माल. नेगीला म्हटलं, मछली पाळायला दुसरी जागा बघ."

मांस गडद होतं, जांभळ्याकडे झुकणारं. बोट लावलं तर चिकट. मीटर लावला. आकडा सहाच्या बराच वर अडकला होता. तो खाली आलाच नव्हता.

मला समजलं, आणि समजलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. हीसुद्धा भीतीच होती. फक्त ती शेवटच्या क्षणाची नव्हती, रात्रभराची होती. आवाजांनी डुकरं रात्रभर उठत, पळत, एकमेकांवर आदळत राहिली असणार. स्नायूतली साखर जिवंतपणीच संपून गेली. मेल्यावर आम्ल करायला काही उरलंच नाही. मांस आंबट झालं नाही, म्हणून प्रथिनं बिघडली नाहीत, म्हणून पाणी आत घट्ट धरलेलं राहिलं. दिसायला उत्तम. पण आंबटपणा नाही तर जंतूंना मोकळं रान. असं मांस लवकर खराब होतं. नेगीजींच्या फ्रीजमध्ये दोनेक दिवसांत त्याला वास आला असता.

आणि सर म्हणत होते, "भेरूला फोन लाव. म्हणावं, असाच माल आणत जा."

मी फोन हातात घेऊन उभी राहिले. गप्प राहिले असते तर भेरूभियांवरचा संशय कायमचा गेला असता. बोलले असते तर त्यांचंच नाव पुन्हा आलं असतं, तेही सरांनी पहिल्यांदा मनापासून त्यांची तारीफ केली त्याच दिवशी. गप्प राहून माल गेला असता आणि तिकडे वास आला असता, तरी नाव त्यांचंच. आणि खाणाऱ्याचं काय? मला एकही वाट सरळ दिसेना. माझ्या तळहातांना घाम सुटला होता आणि घसा कोरडा पडला होता. पुस्तकात या दोन गोष्टी वेगवेगळ्या पानांवर आहेत.

"सर, हा माल ताजा विकू नका."

"का?"

"हाही घाबरलेल्या डुकरांचा आहे."

सरांनी ट्रे खाली ठेवला. "घाबरलं की पाणी सुटतं, हे तूच सांगितलंस ना?"

"हो."

"आणि आता म्हणतेस घाबरलं म्हणून कोरडं?"

"हो, सर."

"बेटा, काय ते एक ठरव."

मी समजावलं. अचानक घाबरलं तर साखर शिल्लक असते, ती एकदम पेटते. रात्रभर घाबरलं तर आधीच जळून जाते. मी दोनदा अडखळले आणि एकदा दोन्हींची अदलाबदल करून सांगितलं. सरांनीच दुरुस्त केलं. याचा अर्थ त्यांना समजत होतं.

"फेकायचं का मग?"

"नाही. आजच्या आज शिजवून सॉसेजला घ्या. त्याला पाणी धरणारं मांस चांगलं असतं."

सर खिडकीशी जाऊन उभे राहिले. "मग चांगलं मांस कोणतं गं?"

"जे घाबरलं नाही त्याचं."

हे मी शास्त्र म्हणूनच बोलले होते. बोलल्यावर ते तसं वाटेना. मग सरांनी स्वतःच फोन लावला.

"भेरू, सुन. दिवाली के आसपास माल मत लाना. अगले साल भी नी. पटाखे बंद हो जाएँ, फिर चार-छह दिन उनको आराम दे. खिला-पिला. उसके बाद ला."

पलीकडून भेरूभिया म्हणाले, "आराम? डुकरा ने? साब, आपकी तबियत तो ठीक है?"

या वर्षी त्यांची गाडी दिवाळीत येणार नाही. ते बाड्याच्या खिडक्यांना पोती लावणार आहेत. आवाज थोडा कमी होईल, असं त्यांना वाटतं. मलाही वाटतं. खात्री नाही.

घरी मी हे सगळं आईला सांगितलं होतं. ती पोळ्या लाटत होती.

"म्हणजे आता ती घाबरत नाहीत?"

"कमी घाबरतात."

"आणि मग मारतात."

"हो."

तिनं पोळी तव्यावर टाकली. मला वाटलं ती काहीतरी म्हणेल. बरं केलंस, किंवा सोड ती नोकरी. तिनं पुढची पोळी लाटायला घेतली. मी स्वतःलाही विचारून पाहिलं आहे. झारीनं पाणी मारताना डुकरं डोळे मिटतात, हे मी आता पाहिलं आहे. ती झारी त्यांच्यासाठी आहे की ट्रेसाठी, हे मला सांगता येत नाही.

परवा मोघेकाकू फराळाचं साजूक तूप मागायला आल्या. मला बघून म्हणाल्या, "काय गं, नमकीनचं कसं चाललंय?"

मी तोंड उघडायच्या आत आईच बोलली. "नमकीन नाही हो. डुकरांचं आहे. ती घाबरू नयेत म्हणून बघते आमची रेणू."

काकूंनी वाटी खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर किळस नव्हती, कौतुकच होतं. "अगंबाई, असंही काम असतं का," त्या म्हणाल्या. "आणि मग पुढे काय होतं त्यांचं?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या हातातली तुपाची बरणी घेतली आणि काकूंची वाटी भरायला लागले.